आरसी कारची मोटर थंड ठेवताना : पंख्याच्या आधीची आणि नंतरची कामे

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या खेळातल्या) कारची मोटर तापू लागली की बहुतेक जण सर्वांत आधी पंखा आणि हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारे पंखांचे धातूचे कवच) शोधू लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पंखा तयार झालेली उष्णता बाहेर नेतो, ती तयार होणे थांबवत नाही. ज्या मोटरमध्ये गरजेपेक्षा दुप्पट उष्णता निर्माण होत आहे, तिच्यावर कितीही वारा घातला तरी तो लागतो बाहेरच्या कवचाला आणि जळते ती आतली वाइंडिंग (तांब्याच्या तारेची गुंडाळी). म्हणून पुढे कामांचा क्रम असा ठेवला आहे : आधी तापमान नीट मोजायचे, मग गाडीतले फुकटचे घर्षण काढायचे, मग गिअर आणि टायमिंग (वाइंडिंगला प्रवाह केव्हा द्यायचा याची जुळणी) सुधारायचे, आणि एवढे झाल्यावरच हवेची वाट, हीटसिंक आणि पंखा यांच्याकडे वळायचे. पुष्कळ गाड्यांचे काम पंख्यापर्यंत पोहोचण्याआधीच संपते.

उष्णता येते कुठून

मोटरमधली उष्णता मुख्यतः तांब्याच्या तारेत तयार होते आणि ती विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. शिवाय तांबे तापले की त्याचा रोध वाढतो. २० अंश सेल्सिअसवर असलेली तार १०० अंशांवर गेली की तिचा रोध सुमारे ३१ टक्क्यांनी वाढलेला असतो, त्यामुळे तापलेली मोटर तेवढ्याच प्रवाहाला आधीपेक्षा जास्त तापते.

दुसरा वाटा लोखंडी गाभ्याचा. मोटर फिरताना गाभ्यातले चुंबकीय क्षेत्र सतत उलटसुलट होत असते. चार ध्रुवांची मोटर मिनिटाला ४०,००० फेरे घेत असेल, तर हे क्षेत्र सेकंदाला सुमारे १,३३३ आवर्तने पूर्ण करते. वेग जितका जास्त, तितकी गाभ्यातली ही उष्णताही जास्त, आणि तिचा भाराशी फारसा संबंध नसतो. तिसरा वाटा बेअरिंगच्या आणि ब्रश असलेल्या मोटरमध्ये कार्बन ब्रशच्या घर्षणाचा आहे. तो सहसा लहान असतो, पण बेअरिंग कोरडे पडले की लहान राहत नाही.

आता या लेखातली सर्वांत उपयोगाची गोष्ट. विनाभार मोटर ज्या कमाल वेगाने फिरते, त्याच्या जितक्या जवळच्या वेगाने ती भार ओढत असेल, तितका तिला दिलेल्या विजेचा मोठा हिस्सा कामी येतो. बाकीचे घटक क्षणभर बाजूला ठेवले तर हिशेब सोपा आहे : विनाभार वेगाच्या ८० टक्के वेगाने चालणारी मोटर विजेचा पाचवा हिस्सा उष्णतेत घालवते, ३० टक्के वेगाने रखडणारी मोटर ७० टक्के हिस्सा उष्णतेत घालवते, आणि पूर्ण अडकलेली मोटर सगळीच्या सगळी वीज उष्णतेत घालवते. दोनशे वॅट घेणारी मोटर चांगल्या स्थितीतही चाळीसेक वॅट उष्णता बाहेर टाकते. मूठभर आकाराच्या डब्यात सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखाच हा प्रकार आहे. तीच मोटर रखडली की त्या डब्यात एकाच्या जागी चार-पाच आयर्न ठेवल्यासारखे होते, आणि तेवढी उष्णता बाहेर काढणे नखाएवढ्या पात्यांच्या पंख्याच्या आवाक्यातले नसते.

किती तापणे धोक्याचे

वाइंडिंगवरचे इनॅमल सहसा बरेच तापमान सहन करते. त्याच्याआधी हार मानतो तो चुंबक. ब्रशलेस (ब्रश नसलेल्या) मोटरच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, निओडिमिअमचे चुंबक असतात. यातल्या साध्या प्रतीच्या चुंबकांची मर्यादा सुमारे ८० अंश असते, तर उष्णतेसाठी बनवलेल्या प्रती १५० ते १८० अंशांपर्यंत टिकतात. आपल्या मोटरमध्ये कोणती प्रत आहे हे तिच्यावर क्वचितच लिहिलेले असते. मर्यादेपलीकडे तापलेला चुंबक आपली काही शक्ती कायमची गमावतो. त्यानंतर मोटर विनाभार आधीपेक्षा थोडी जास्तच वेगाने फिरते, त्यामुळे मालकाला ती सुधारल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तेवढाच जोर देण्यासाठी ती अधिक प्रवाह खेचू लागलेली असते, अधिक तापते आणि चुंबक आणखी अशक्त होतो. या चक्रातून मोटर परत येत नाही, रोटर तरी बदलावा लागतो किंवा मोटर.

मोटरच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला हा छंद जोपासणारे कॅन म्हणतात. या कॅनचे तापमान ६० ते ७० अंशांच्या दरम्यान राहिले तर निश्चिंत असावे, ७० ते ८० मध्ये सावध व्हावे आणि ८० ओलांडले की गाडी थांबवावी, असा माझा नियम आहे. बाहेर ८० दिसत असताना आतला भाग त्याहून बराच तापलेला असतो, ही गोष्ट या आकड्यात धरलेली आहे. मोटरच्या निर्मात्याने वेगळी मर्यादा दिलेली असेल तर अर्थातच ती पाळावी.

पहिली पायरी : तापमान खरे मोजणे

बोटाने अंदाज घेण्याची सवय सोडून द्यावी. ६० अंशांच्या धातूवर बोट दोन-चार सेकंदांहून जास्त ठेवता येत नाही आणि ९० अंशांच्या धातूवरही ठेवता येत नाही. म्हणजे नेमका जिथे फरक कळायला हवा, तिथे बोट काहीच सांगत नाही, फक्त भाजते.

साधा इन्फ्रारेड थर्मामीटर या कामाला पुरतो, पण चकचकीत धातू त्याला हमखास फसवतो. पॉलिश केलेला किंवा क्रोमसारखा चमकणारा कॅन स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, त्यामुळे थर्मामीटरवर खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी आकडा दिसतो. उपाय सोपा आहे. वायरिंगच्या काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा कॅनच्या मधोमध घट्ट चिकटवावा आणि नेहमी त्यावरच मोजावे. थर्मामीटर जितका दूर धराल तितके मोठे वर्तुळ तो पाहतो, आणि मोटरसोबत थंड चॅसीचे (गाडीच्या सांगाड्याचे) तापमानही त्यात मिसळते. म्हणून तो टेपपासून तीन-चार सेंटिमीटरवर धरावा. लेझरचा ठिपका केवळ नेम दाखवतो आणि इतक्या जवळून तो मोजल्या जाणाऱ्या जागेपासून थोडा सरकलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे.

चाचणी दरवेळी सारखीच घ्यावी. बॅटरी पूर्ण भरलेली असावी, गाडी नेहमीच्याच जागी आणि नेहमीच्याच पद्धतीने पाच मिनिटे चालवावी, लगेच मोजावे आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजावे. हे दुसरे माप महत्त्वाचे आहे, कारण गाडी थांबली की वारा थांबतो, पण आतल्या भागातली उष्णता बाहेर येतच राहते आणि कॅनचा आकडा थांबल्यानंतरही काही अंशांनी चढतो. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच वर गेला, तर आतला भाग बाहेरच्यापेक्षा खूप जास्त तापला होता असे समजावे.

त्या दिवशीच्या हवेचे तापमानही वहीत लिहावे. मोटर हवेच्या तापमानाच्या वर साधारण ठरावीक अंश चढते. २० अंशांच्या हवेत ७५ दाखवणारी मोटर हवेपेक्षा ५५ अंश वर आहे. तीच गाडी ३८ अंशांच्या दुपारी तशीच चालवली तर ती ९३ पर्यंत जाईल. हिवाळ्यात ठीक चालणारी जुळणी उन्हाळ्यात मोटर का जाळते, याचे उत्तर एवढ्या बेरजेत आहे. पाच मिनिटांच्या आतच ८० दिसले तर चाचणी पूर्ण करण्याच्या नादी लागू नये.

दुसरी पायरी : फुकटचे घर्षण

मोटरचे स्क्रू सैल करून पिनियन (मोटरच्या दांड्यावरचे लहान गिअर) स्पर गिअरपासून (त्याला जुळणाऱ्या मोठ्या गिअरपासून) दूर सरकवावे, गाडी हातात उचलून धरावी आणि एकेक चाक बोटाने फिरवून पाहावे. ड्राइव्हट्रेन (मोटरपासून चाकांपर्यंतचे फिरते भाग) हलकी असेल तर चाक हळूहळू मंदावत थांबते. झटका दिल्यासारखे थांबले, खरखर जाणवली किंवा एकाच जागी अडखळले, तर तिथे काहीतरी आहे.

हे मी अनुभवातून शिकलो. माझ्या एका बग्गीची मोटर दर वेळी नव्वदीच्या आसपास जात होती. मी आधी हीटसिंक लावला, मग एक पंखा, मग दुसरा, आणि दोन्ही पंखे घोंगावत असतानाही आकडा जेमतेम चार-पाच अंशांनी उतरला. शेवटी वैतागून मागचा भाग उघडला. उजव्या बाजूच्या आतल्या बेअरिंगभोवती गालिच्याचे धागे आणि एक लांब केस इतका घट्ट गुंडाळला गेला होता की बेअरिंग बाहेर काढायला चिमटा लागला. ते साफ करून पुन्हा बसवले, आणि दोन्ही पंखे काढून टाकल्यावरही मोटर सत्तरीच्या आत राहिली. ते पंखे अजून माझ्या खणात पडून आहेत.

चाकाच्या आतले आणि बाहेरचे अशी दोन्ही बेअरिंगे तपासावीत, कारण केस नेहमी आतल्या बाजूला लपतात. बेअरिंग बोटांत धरून फिरवताना खडे लागल्यासारखे वाटले तर ते बदलावे. कोरडे वाटले तर पातळ तेलाचा एक थेंब पुरतो. दुसरा थेंब धूळ गोळा करतो. टायर बॉडीच्या कडेला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला घासत नाही ना, हे सस्पेन्शन पूर्ण दाबून पाहावे. ड्राइव्हशाफ्ट वाकलेला नाही ना, तेही बघावे. स्लिपर क्लच (धक्का बसला की घसरून गिअर वाचवणारा भाग) फार सैल असेल तर तो सतत घसरून स्वतः तापतो आणि शेजारच्या मोटरलाही तापवतो.

नंतर गिअरची फट. पिनियन आणि स्पर एकमेकांवर घट्ट दाबून बसवलेले असतील, तर मोटर आपली बरीच ताकद दाते रगडण्यातच घालवते. वहीच्या पानाची एक पट्टी दोन्ही गिअरच्या मध्ये घालावी, मोटर स्परवर अलगद दाबून स्क्रू आवळावेत आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दात्यांच्या वळ्या स्पष्ट उमटल्या पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. त्यानंतर स्पर एका जागी धरून दुसऱ्या हाताने पिनियन हलवले, तर किंचित टकटक जाणवली पाहिजे. ही तपासणी स्परच्या तीन-चार वेगवेगळ्या जागी करावी, कारण प्लॅस्टिकचे स्पर अगदी गोल असतीलच असे नाही, आणि जिथे फट सर्वांत कमी असेल तिथलीच फट खरी मानावी.

एक विचित्र पण वारंवार आढळणारे कारण रिमोटमध्ये असते. थ्रॉटलचा (वेग देणाऱ्या ट्रिगरचा) ट्रिम, म्हणजे त्याचा मध्य जुळवणारे बटण, जरासा सरकलेला असला, तर गाडी उभी असतानाही स्पीड कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणारे उपकरण) मोटरला हलका प्रवाह देत राहतो किंवा हलका ब्रेक धरून ठेवतो. गाडी उभी असताना मोटरमधून बारीक गुणगुण ऐकू आली, तर आधी ट्रिम मध्यावर आणावा आणि स्पीड कंट्रोलरला थ्रॉटलचा मध्य व दोन्ही टोके पुन्हा शिकवावीत.

तिसरी पायरी : गिअर

तापणाऱ्या मोटरचा खरा गुन्हेगार बहुधा इथे सापडतो. पिनियनला जास्त दाते लावले की गाडीचा कागदावरचा कमाल वेग वाढतो, म्हणून ते लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण मोठ्या पिनियनमुळे मोटरला प्रत्येक वेळी जास्त जोर लावावा लागतो, ती आपल्या विनाभार वेगाच्या जवळ पोहोचतच नाही आणि वर सांगितल्याप्रमाणे रखडत राहून विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत घालवते. लहान मैदानात तर गाडी त्या कमाल वेगाला कधी पोहोचतच नाही. म्हणजे किंमत मोजली, पण वस्तू मिळाली नाही.

हिशेब असा करावा. स्परचे दाते भागिले पिनियनचे दाते, आणि त्याला गाडीच्या आतल्या गिअरच्या गुणोत्तराने गुणायचे. समजा स्पर ८६ दात्यांचे, पिनियन २३ चे आणि आतले गुणोत्तर २.६ आहे. एकूण गुणोत्तर सुमारे ९.७ येते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी मोटर ९.७ फेरे घेते. पिनियन २० दात्यांचे केले की हेच गुणोत्तर सुमारे ११.२ होते. कमाल वेग १३ टक्क्यांनी घटतो, पण चाकावर तेवढाच जोर देण्यासाठी मोटरला लागणारा प्रवाहही १३ टक्क्यांनी घटतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गावर चालत असल्याने वाइंडिंगमधली उष्णता जवळपास २४ टक्क्यांनी कमी होते. तीन दाते कमी करून एवढा फरक पडतो, आणि त्यासाठी पंख्याची एक तारही जोडावी लागत नाही.

टायर बदलले की गिअरही बदलल्यासारखेच होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ८५ मिलिमीटर व्यासाचे टायर काढून १०० मिलिमीटरचे लावणे म्हणजे १७ दात्यांच्या पिनियनच्या जागी २० दात्यांचे लावणे. त्यात मोठे टायर जडही असतात. मोठे टायर घातले की त्याच दिवशी पिनियन लहान करावे.

बॅटरीच्या सेलची संख्या वाढवली तरी तेच. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोटर विनाभार मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. ३,३०० केव्हीची मोटर दोन सेलच्या ७.४ व्होल्टवर विनाभार सुमारे २४,४०० फेरे घेते, तर तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर सुमारे ३६,६००. दोन सेलवर शोभणारे पिनियन तीन सेलवर तसेच ठेवले, तर गाडी पहिल्या दोन मिनिटांत थक्क करते आणि पाचव्या मिनिटाला वास येऊ लागतो. सेल वाढवण्याआधी मोटर आणि स्पीड कंट्रोलर तेवढ्या व्होल्टला चालतात ना, हेही तपासलेले असावे.

पिनियन एका वेळी एक किंवा दोनच दाते कमी करावे, दरवेळी दात्यांतली फट नव्याने बसवावी आणि तीच पाच मिनिटांची चाचणी घ्यावी. आकडा उतरत जाईल. पण एका टप्प्यानंतर तो उतरायचा थांबतो, आणि पिनियन फारच लहान केले तर उलट थोडा चढू शकतो, कारण मोटर आता सतत अतिवेगाने फिरत असते आणि गाभ्यातली उष्णता वाढते. तो टप्पा आला की एक दात मागे यावे. आपल्या गाडीचा योग्य गिअर तोच.

पिनियनच्या सेट स्क्रूबद्दल एक सूचना. तो मोटरच्या दांड्यावरच्या सपाट भागावरच बसला पाहिजे आणि धातूला धातू लागतो तिथे थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) थेंब हवा. मात्र तो प्लॅस्टिकला लागू देऊ नये, प्लॅस्टिक तडकते.

चौथी पायरी : टायमिंग आणि स्पीड कंट्रोलरच्या जुळण्या

सेन्सर असलेल्या बऱ्याच ब्रशलेस मोटरच्या मागच्या झाकणावर अंशांच्या खुणा असतात आणि झाकण सैल करून ते थोडे फिरवता येते. टायमिंग वाढवले की वेग वाढतो, प्रवाह वाढतो आणि ताप वाढतो. स्पीड कंट्रोलरमध्ये बूस्ट किंवा टर्बो अशा नावांनी इलेक्ट्रॉनिक टायमिंगही असते, आणि मोटरवरच्या टायमिंगमध्ये ते मिळवले जाते. म्हणून आधी इलेक्ट्रॉनिक टायमिंग शून्यावर आणावे, मग मोटरवरचे पाच-पाच अंशांनी कमी करत चाचणी घ्यावी. शर्यतीत न उतरणाऱ्यांनी टायमिंग वाढवण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढा वेग हवा असेल तर जास्त केव्हीची मोटर घ्यावी.

पंच, म्हणजे थ्रॉटल दाबताच येणारा धक्का, एक-दोन पायऱ्यांनी कमी केला तर सुरुवातीचा प्रवाह आवरतो. ब्रेकही विसरू नये. विजेच्या ब्रेकचा प्रवाह त्याच वाइंडिंगमधून जातो, त्यामुळे सारखे ब्रेक मारणे म्हणजे सारखा थ्रॉटल देण्यासारखेच आहे.

पाचवी पायरी : हवेची वाट

बॉडी काढून एकदा आणि बॉडी लावून एकदा, अशा दोन चाचण्या घ्याव्यात. दोन आकड्यांत मोठा फरक आला, तर बॉडीच्या आत गरम हवा कोंडते आहे आणि कितीही महागडा पंखा तीच गरम हवा घुसळत बसणार आहे.

पुढून हवा आत येण्यासाठी समोरच्या काचेच्या जागी आणि ती बाहेर जाण्यासाठी मागच्या काचेच्या जागी छिद्र असावे. बाहेर जाण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा मोठी ठेवावी. हवा आत सहज शिरते, अडते ती बाहेर पडताना. पॉलिकार्बोनेटची बॉडी कापताना खिडकीच्या चारही कोपऱ्यांवर आधी रीमरने (छिद्र पाडून मोठे करणाऱ्या निमुळत्या हत्याराने) गोल छिद्रे पाडावीत आणि मग वक्र कात्रीने ती एकमेकांना जोडावीत. टोकदार कोपरा ठेवला तर गाडी पहिल्यांदा उलटताच तिथून तडा सुरू होतो आणि छतापर्यंत जातो. धुळीच्या जागी पुढच्या छिद्रावर बारीक जाळी लावता येते, पण ती मातीने बुजली की छिद्र असून नसल्यासारखे होते, म्हणून दर बॅटरीनंतर झटकावी.

सहावी पायरी : हीटसिंक

ब्रशलेस इनरनर (रोटर आत फिरणाऱ्या) मोटरमध्ये वाइंडिंग कॅनला लागून बाहेरच्या बाजूला असते, त्यामुळे तिची उष्णता कॅनपर्यंत लवकर येते आणि हीटसिंकचा खरा उपयोग होतो. ब्रश असलेल्या मोटरमध्ये नेमके उलटे असते : वाइंडिंग मधल्या फिरत्या आर्मेचरवर असते आणि तिच्या व कॅनच्या मध्ये हवा असते. तिथे हीटसिंक कॅनला चिकटलेल्या चुंबकांना मदत करतो, आर्मेचरला फारशी नाही. आर्मेचर थंड होते ते कॅनच्या छिद्रांतून खेळणाऱ्या हवेने. म्हणून अशा मोटरवर हीटसिंक लावताना छिद्रे झाकली गेली, तर फायद्याऐवजी तोटाच होतो.

हीटसिंक मोटरच्या व्यासाचाच घ्यावा. ५४० आकाराच्या मोटरचा व्यास सुमारे ३६ मिलिमीटर असतो. सैल हीटसिंक म्हणजे निव्वळ वजन, कारण दोन धातूंच्या मध्ये राहिलेल्या फटीत हवा असते आणि हवा ही उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे. ॲल्युमिनिअमच्या तुलनेत काही हजार पट वाईट. कॅनवर कागदी लेबल असेल तर तेही काढावे. कॅन आणि हीटसिंकची आतली बाजू स्पिरिटने पुसून त्यावर थर्मल पेस्टचा इतका पातळ थर द्यावा की खालचा धातू अंधुक दिसेल. पेस्ट फट भरण्यासाठी असते. ती ॲल्युमिनिअमहून पुष्कळ कमी वाहक आहे, त्यामुळे जाड थर दिला तर तीच अडथळा होते. हीटसिंकचे पंख वाऱ्याच्या दिशेला समांतर असावेत. तापमान मोजण्याची काळी टेप उघड्या राहिलेल्या कॅनवर पुन्हा चिकटवावी, हीटसिंकवर नव्हे.

मोटर ज्या पट्टीवर स्क्रूने बसते, ती ॲल्युमिनिअमची असेल तर तो एक आयता हीटसिंकच आहे. मोटरचा पुढचा चेहरा आणि पट्टी यांच्यामधली माती पुसून दोन्ही पृष्ठभाग सपाट टेकवले, तर बरीच उष्णता त्या वाटेने चॅसीत उतरते. प्लॅस्टिकच्या पट्टीकडून ही अपेक्षा ठेवू नये. स्क्रू मात्र सोबत आलेलेच वापरावेत, कारण एक-दोन मिलिमीटर लांब स्क्रू आत जाऊन थेट वाइंडिंगला टेकतो आणि शॉर्ट होतो. पुष्कळदा तापून जळाली असे वाटणारी मोटर प्रत्यक्षात अशी मेलेली असते.

सातवी पायरी : पंखा

एवढे करूनही उन्हाळ्यात आकडा ८० च्या आसपास राहत असेल, तर आता पंख्याची वेळ आली. ३० किंवा ४० मिलिमीटरचे पंखे या कामाला चालतात. जागा असेल तर ४० चा घ्यावा, कारण तो तेवढाच वारा कमी वेगात देतो आणि जास्त टिकतो.

घेताना पंख्यावरचे व्होल्ट वाचावेत. रिसीव्हरच्या (रिमोटचा संदेश घेणाऱ्या गाडीतल्या भागाच्या) मोकळ्या चॅनेलवर जोडलेल्या पंख्याला स्पीड कंट्रोलरकडून येणारा ठरावीक व्होल्टेज मिळतो, सहसा ६ किंवा ७.४. तोच पंखा थेट बॅटरीच्या तारांवर जोडला, तर दोन सेलच्या भरलेल्या बॅटरीतून त्याला ८.४ आणि तीन सेलच्या बॅटरीतून १२.६ व्होल्ट मिळतात. दोन सेलसाठीचा पंखा तीन सेलवर काही काळ झकास फिरतो, इतका की आवाज ऐकून आनंद होतो, आणि मग बंद पडतो.

पंख्याने हीटसिंकवर वारा फेकावा. तो कोणत्या बाजूला फेकतो हे कागदाचा कपटा समोर धरून पाहावे. पंख्याच्या मधल्या गोल भागासमोर वारा लागत नाही, म्हणून पंखा हीटसिंकच्या पंखांना अगदी चिकटवू नये, तीन-चार मिलिमीटर अंतर ठेवावे. पात्यांवर जाळी हवी. एक बारीक खडा पात्यात अडकला की पंखा थांबतो आणि चालवणाऱ्याला ते कळतही नाही. प्रत्येक बॅटरी लावल्यावर पंख्याचा आवाज ऐकण्याची सवय लावावी. ब्रश असलेल्या मोटरवर पंख्याचा रोख कॅनच्या छिद्रांकडे असावा, हे वरच्या विवेचनावरून उघड आहे.

चालवताना आणि थांबताना

उंच गवत, ओली वाळू आणि जाड गालिचा ही मोटरची तीन दुखणी आहेत. गाडी अडकली असताना थ्रॉटल दाबून धरणे हा मोटर जाळण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे, कारण न फिरणाऱ्या मोटरमधला प्रवाह आवरायला वाइंडिंगचा क्षुल्लक रोध आणि स्पीड कंट्रोलरची मर्यादा सोडली तर काहीच नसते. चालत जावे आणि गाडी हाताने उचलावी. दगडांवर चढणाऱ्या क्रॉलर गाड्या तर सतत याच अवस्थेच्या जवळ असतात. त्यांना म्हणूनच कमी केव्हीची मोटर आणि फार मोठे गुणोत्तर लागते.

थांबण्याआधी शेवटचे एखाद-दोन मिनिट गाडी हळू, मोकळ्या जागेत फिरवावी, म्हणजे भार नसताना वारा मिळतो. नंतर बॉडी काढून ठेवावी आणि पंखा असेल तर तो काही वेळ चालू राहू द्यावा. पुढची बॅटरी लगेच लावू नये. पंधरा मिनिटे थांबावे, किंवा टेपवरचा आकडा ४५ च्या खाली येईपर्यंत. दोन्हींपैकी जे उशिरा होईल ते. एकामागून एक तीन बॅटऱ्या लावून मोटर जाळणारे लोक पहिल्या बॅटरीचा आकडा दाखवून आपली बाजू मांडतात, आणि तो आकडा खराच असतो. घाईत तापलेल्या मोटरवर थंड पाणी ओतणे किंवा ती फ्रीजमध्ये ठेवणे टाळावे. एकदम आकसणाऱ्या आणि न आकसणाऱ्या भागांवर ताण येतो, आत दव धरते आणि बेअरिंगचे वंगण खराब होते.

ब्रश असलेल्या नव्या मोटरला पहिल्यांदा कमी व्होल्टवर, विनाभार, काही मिनिटे फिरवावे, म्हणजे ब्रशचा चेहरा कॉम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या भागाच्या) गोलाईशी जुळतो. पुढे दर काही दिवसांनी छिद्रांतून साचलेली काळी भुकटी फुंकून काढावी आणि ब्रश आखूड झाले असतील तर बदलावेत.

वहीतल्या नोंदी इथे कामी येतात. गिअर तेच, जागा तीच, हवा तशीच, आणि आकडा मात्र गेल्या आठवड्यापेक्षा दहा अंश वर असेल, तर काहीतरी बदलले आहे. आधी चाके फिरवून बेअरिंग पाहावीत, मग दात्यांतली फट, मग ट्रिम, मग पंखा फिरतो का. हे सगळे ठीक असेल तर पिनियन काढून मोटरचा दांडा बोटांनी फिरवावा. निरोगी मोटरचा चुंबक टप्प्याटप्प्याने बोटांना अडवतो. हा अटकाव नवी असताना होता त्यापेक्षा स्पष्टपणे मऊ लागला, विनाभार आवाज पूर्वीपेक्षा चढा येत असला आणि तरीही गाडीला उठाव नसला, तर चुंबक गेलेला आहे. अशा मोटरला लावलेला पंखा काढून नव्या मोटरसाठी जपून ठेवावा.